सीमाभागातून नुसते जाऊ नका, तिथे थांबा : एका वाहतूक कंपनीच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
कोल्हापुरातून कर्नाटक आणि गोव्यात पर्यटक बसगाड्या चालवणारी वाहतूक कंपनी.

विषय : खिद्रापूर–यडूर–निपाणी–आदमापूर ही एकदिवसीय सहल बंद केल्याबाबत.

महोदय,

कोल्हापुरातून सकाळी निघून नरसोबाची वाडी, खिद्रापूर, यडूर, चिकोडी, निपाणी आणि आदमापूर करून रात्री परत येणारी आपली एकदिवसीय सहल आपण बंद केलीत. हा निर्णय आपण कोणाला पत्राने कळवला नाही, वाटेवरच्या ग्रामपंचायतींना विचारले नाही, ज्यांची रोजी त्या गाडीवर अवलंबून होती त्यांना बोलावले नाही. एके दिवशी आपल्या ॲपवरून सहलीचे नाव गेले आणि आम्हाला समजले. त्याच सुमारास शहरातल्या मोठ्या चौकांत आपले फलक लागले. त्या फलकांवर आपण स्वतःला दोन राज्यांच्या विकासातला भागीदार म्हणवून घेतले आहे. सीमाभागातल्या गावांत थांबणारी एकमेव सहल बंद करायची आणि सीमाभागाच्या विकासाचे श्रेयही घ्यायचे, हे मला पटत नाही. ते चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपल्या कंपनीचे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही. ज्यांच्याशी मला बोलायचे आहे त्यांना ते आपल्याशीच आहे हे समजेल, आणि बाकीच्या वाचकांना नावापेक्षा प्रश्न समजणे अधिक गरजेचे आहे. शिवाय हा दोष एकट्या आपल्या कंपनीचा आहे असेही मी म्हणणार नाही.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते आधी सांगते. मी कोल्हापुरात राहते, पर्यटकांची मार्गदर्शक म्हणून काम करते आणि या सहलीवर सुरुवातीपासून होते. माझे आजोळ चिकोडी तालुक्यातले असल्यामुळे घरी मराठी आणि आजोळी कन्नड अशा दोन्ही भाषा मला लहानपणापासून येतात, आणि आपण मला घेतलेत तेही त्यासाठीच. सहल बंद झाल्याने माझी मिळकत घटली हे खरे आहे. ते लपवून मी निःस्वार्थीपणाचा आव आणणार नाही. मात्र माझ्यासारख्या मार्गदर्शकाला पन्हाळा, जोतिबा आणि अंबाबाईचे मंदिर आहेच. खिद्रापुरातल्या किंवा यडूरच्या माणसाला असा दुसरा पर्याय नाही.

ही सहल इतर सहलींसारखी का नव्हती, हे संचालक मंडळातल्या किती जणांना ठाऊक आहे याची मला शंका आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी असलेले खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातले आहे. त्याचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा असून वर छताऐवजी मोकळे गोल आकाश दिसते. आज हे गाव महाराष्ट्रात असले तरी मंदिरातले बहुतेक शिलालेख जुन्या कन्नडात आहेत, आणि त्यांच्याच शेजारी देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा संस्कृत लेखही आहे. शंकराचे मंदिर म्हटले की समोर नंदी हवा, पण इथे तो नाही. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, तिच्या देहत्यागानंतर शंकर कोपला आणि इथे आला, अशी कथा लोक सांगतात. म्हणून देव इथे आणि नंदी मात्र नदीकाठी पुढे कर्नाटकातल्या यडूरला, खिद्रापूरकडे तोंड करून बसलेला. ज्या पर्यटकाने फक्त खिद्रापूर पाहिले त्याने अर्धीच गोष्ट पाहिली, आणि ज्याने फक्त यडूर पाहिले त्याला नंदी नेमका कोणाची वाट पाहतो हे कळले नाही. आपली गाडी या दोन गावांना एका दिवसात जोडत होती. हे काम करणारी दुसरी कोणतीही गाडी मला माहीत नाही.

फेरीचा उत्तरार्धही असाच होता. आदमापूरचे बाळूमामा महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या घराघरांत पोहोचलेले आहेत. त्यांचा जन्म १८९२ साली निपाणीजवळच्या अक्कोळ गावी झाला, ते गाव आज कर्नाटकात आहे, आणि त्यांची समाधी भुदरगड तालुक्यातल्या आदमापुरात आहे. मेंढरे घेऊन ते ज्या मुलखात फिरले त्याला तेव्हा राज्याची सीमा नव्हती. अमावास्येला आदमापुरात जी गर्दी होते तिच्यात निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडची माणसे किती असतात हे कोणीही जाऊन पाहावे. निपाणीहून आदमापूरला येताना गाडीतले अर्धे प्रवासी मराठीत आणि अर्धे कन्नडात चांगभलं म्हणत, आणि त्यात कोणालाच काही वेगळे वाटत नसे.

माझे म्हणणे एवढेच आहे की पर्यटक बस चालवणारी कंपनी प्रवासी कोठे उतरवते यावरून त्या भागातल्या पैशाची वाट ठरते. आपल्याला वाटत असेल की आपण फक्त वाहन पुरवतो. प्रत्यक्षात गाडी ज्या गावात दीड तास उभी राहते तिथे नारळवाल्याचा धंदा होतो, बचत गटाच्या बायकांचे जेवण खपते, देवळाच्या आवारातली स्वच्छतागृहे दुरुस्त होतात, आणि एखाद्या पोराला आपल्या गावाचा इतिहास वाचून तो सांगावासा वाटतो. गाडी गेली की हे सारे थांबते. खिद्रापुरात आपल्या प्रवाशांना पिठलं-भाकरी आणि वांग्याची भाजी वाढणाऱ्या बायकांनी आपल्याच विनंतीवरून भांडी, सतरंज्या आणि पाण्याच्या टाक्या घेतल्या होत्या. सहल बंद करताना त्यांना साधा निरोपही गेला नाही, ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

दुसरी तक्रार महामार्गावरच्या थांब्याची. बेळगाव, गोवा, हंपी, विजापूर या आपल्या उरलेल्या सर्व सहली आता पुणे–बंगळूर महामार्गावरच्या एकाच ठरलेल्या हॉटेलात थांबतात. प्रवाशाला दुसरीकडे जायची मुभा नसते, जेवण महाग असते, आणि चालक व क्लीनर यांचे जेवण तिथे फुकट असते, यावरून काय समजायचे ते प्रवासी समजतात. निपाणी शहर तिथून हाकेच्या अंतरावर असूनही आपल्या प्रवाशाला ते दिसत नाही. संकेश्वरचा मठ दिसत नाही. घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा, जिथे नदी सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, तोही आपल्या एकाही सहलीत नाही, मात्र आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचेच छायाचित्र आहे. पारगडाचे छायाचित्रही आपण छापता. चंदगड तालुक्यातल्या त्या किल्ल्यावर आपली गाडी आजवर एकदाही गेलेली नाही. (चंदगडचे माणूस औषधपाण्याला आणि बाजाराला कोल्हापूरपेक्षा बेळगावला अधिक जाते, कारण ते त्याला कितीतरी जवळ पडते, सीमेचा खरा हिशेब कोणाला समजून घ्यायचा असेल तर त्याने त्या तालुक्यात जावे.) जिथे आपण जात नाही तिथली छायाचित्रे वापरून प्रवासी मिळवू नयेत, हे सांगायला कायद्याचा आधार शोधावा लागू नये.

तिसरी तक्रार तणावाच्या दिवसांची आहे आणि ती मी फार जपून लिहिते. सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्यावर माझे मत काय हा या पत्राचा विषय नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये वातावरण तापले तेव्हा दोन्ही बाजूंच्या सरकारी बसगाड्या काही काळ थांबवाव्या लागल्या, हे सर्वांना माहीत आहे. प्रवाशांच्या आणि चालकांच्या सुरक्षिततेसाठी गाडी थांबवणे चूक नाही. पण थांबवण्याची काही रीत असते. अशाच एका प्रसंगी आपली गाडी कागलवरून मागे फिरवली गेली, पुढच्या प्रवाशांना कोणी फोन केला नाही, आणि यडूरला मुक्कामी राहिलेल्या आमच्या प्रवाशांना आणायला कोणी आलेच नाही. त्यांत वयस्क बायका होत्या. शेवटी त्या चिकोडीहून वडापने (माणशी भाडे घेणाऱ्या खासगी गाडीने) सीमेपर्यंत आणि तिथून दुसऱ्या वडापने कागलला आल्या. त्यांना निपाणीत पाणी आणि चहा देणारे लोक कन्नड बोलणारे होते, हे मी इथे मुद्दाम नोंदवते, कारण आपल्या कार्यालयाने मात्र सीमेपलीकडे सगळीकडे धोका आहे असे गृहीत धरले होते. तिकिटाचे पैसे परत मिळवायला त्या बायकांना जे हेलपाटे घालावे लागले त्याबद्दल न लिहिलेलेच बरे.

भाषेबद्दल थोडक्यात. आपले ॲप, तिकीट आणि तक्रारीचा अर्ज हे सर्व इंग्रजीत आहे. कोल्हापुरातून निघून चिकोडीत पोहोचणाऱ्या गाडीवर मराठी नाही आणि कन्नडही नाही. ज्या कंपनीला दोन राज्ये जोडायची आहेत तिने निदान त्या दोन राज्यांच्या भाषा वापराव्यात.

चालकांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती त्यांनी मला सांगू नये अशी आपली इच्छा असेल. एकदिवसीय सहल बंद करून आपण त्याच गाड्या आणि तेच चालक रात्रीच्या गोवा फेऱ्यांवर घातले आहेत. दिवसभर पन्हाळा-जोतिबा करून आलेला चालक रात्री घाटात गाडी नेतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून चालकाच्या कामाची मर्यादा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास धरलेली आहे. घाटरस्त्यावर झोप अनावर झालेल्या चालकामागे बसलेले प्रवासी कोणत्या राज्याचे आहेत याने काही फरक पडत नाही.

आता आपण देत असलेल्या कारणांकडे येते. आपल्या कार्यालयाशी बोलताना मला तीन कारणे सांगण्यात आली : परवडत नाही, दोन राज्यांचे परवाने व कर यांची कटकट आहे, आणि पावसाळ्यात रस्ते बंद होतात.

शेवटचे कारण खरे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक कित्येक दिवस थांबली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले, आणि दूधगंगेवरचा मलिकवाड–दत्तवाड बंधारा किंवा कृष्णेवरचा कल्लोळ–यडूर बंधारा पाण्याखाली जातो तेव्हा दोन राज्यांतली गावे एकमेकांना नुसती दिसतात. पण याचा अर्थ आषाढ-श्रावणात सहल बंद ठेवावी एवढाच होतो, बारमाही बंद करावी असा होत नाही. दसऱ्यापासून पुढे कृष्णाकाठ फिरायला यासारखे दिवस नाहीत, आणि कार्तिकी पौर्णिमेला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाखाली उभे राहायला लोक दुरून येतात.

परवान्याच्या कारणाशी मी सहमत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने टप्पा वाहतूक (वाटेत प्रवासी चढवणारी-उतरवणारी) आणि कंत्राटी वाहतूक (आधी ठरलेले प्रवासी घेऊन जाणारी) वेगळ्या ठेवल्या आहेत, आपला परवाना एस.टी.सारखा वाटेत प्रवासी चढवण्या-उतरवण्याचा नाही, हे मला समजते. त्यासाठी दोन राज्यांचे परस्पर करार लागतात, आणि त्या करारांवर महाराष्ट्राची एस.टी. आणि वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ रोज सीमा ओलांडतात. मी आपल्याकडे ते मागत नाही. कोल्हापुरात चढलेले प्रवासी कोल्हापुरातच परत आणून सोडणारी सहल आपल्या परवान्यात बसते, म्हणूनच ती आपण इतका काळ चालवलीत. शिवाय अखिल भारतीय पर्यटक वाहन परवान्याचे २०२१ चे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम यांमुळे एकदा शुल्क भरून पर्यटक वाहन देशभर नेण्याची सोय झाली आहे. ज्या काळात प्रत्येक सीमेवर कागद दाखवत थांबावे लागे त्या काळात जे जमले, ते आता अडचणीचे कसे झाले?

राहिले परवडण्याचे. हिशेब आपला आहे आणि तो मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याला खोटे म्हणणार नाही. पण सहल चालावी म्हणून आपण काय केलेत, हे मला माहीत आहे. अमावास्येला ज्यादा गाडी सोडली नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन (वस्तू त्या भागातलीच आहे याची कायदेशीर ओळख) मिळाले ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. चप्पल बनवणाऱ्या कारागिरांच्या घरी प्रवासी न्यावेत, त्यांना चामडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंतचे काम पाहू द्यावे आणि तिथेच खरेदी करू द्यावी, अशी सूचना आम्ही दिली होती. तिला उत्तर आले नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लमाला कोल्हापुरातून किती माणसे जातात हे आपल्याला चांगले माहीत आहे, कारण त्या दिवसांत आपले भाडे किती वाढते हे सर्वांना माहीत आहे. त्या माणसांना वाटेत गोकाक किंवा परतीत निपाणी दाखवावे असे कधी मनात आले नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यांत आपला पन्हाळा आहे. पन्हाळा पाहायला आलेला माणूस कोल्हापुरात आणखी एक दिवस राहावा म्हणून त्याला काय दाखवायचे, याचे तयार उत्तर आपल्याकडे होते आणि नेमके तेच आपण काढून टाकलेत.

आमच्या मागण्या साध्या आहेत. दिवाळीनंतर ही सहल निदान शनिवारी, रविवारी आणि अमावास्येला पुन्हा सुरू करावी व एक वर्षभर ती प्रामाणिकपणे चालवून पाहावी. त्यानंतरही तोटा आला तर हिशेब वाटेवरच्या गावांसमोर ठेवून बंद करावी, आम्ही हरकत घेणार नाही. कोणतीही सहल बंद करण्यापूर्वी तीन महिने आधी संबंधित ग्रामपंचायतींना, बचत गटांना आणि मार्गदर्शकांना लेखी कळवावे. बेळगाव व त्यापुढच्या सर्व सहलींचा जेवणाचा एक थांबा महामार्गावरून गावात आणावा आणि कोणत्या हॉटेलाशी आपला काय व्यवहार आहे ते प्रवाशांना सांगावे. सीमेवर तणाव असताना गाडी रद्द झाली तर दोन तासांत प्रत्येक प्रवाशाला फोन जावा, अडकलेल्यांना परत आणण्याची जबाबदारी कंपनीची असावी, आणि पैसे आठवड्यात परत मिळावेत. तिकीट आणि तक्रारीची सोय मराठी व कन्नड दोन्हींत असावी. दिवसाचा चालक त्याच रात्री घाटात पाठवू नये. आणि आपण जिथे जात नाही त्या ठिकाणांची छायाचित्रे माहितीपत्रकातून काढावीत, किंवा तिथे गाडी न्यावी. दुसरे केलेत तर पारगड आणि महिपाळगडासाठी वाटाडे चंदगड तालुक्यात तयार आहेत.

दोन्ही राज्यांच्या पर्यटन खात्यांकडूनही आमच्या अपेक्षा आहेत, त्या त्यांना वेगळ्या पत्राने कळवू. सरकारने रस्ता करून दिला तरी त्यावरून गाडी कोठे जाणार आणि कोठे थांबणार हे आज आपल्यासारख्या कंपन्या ठरवतात, म्हणून पहिले पत्र आपल्याला.

या मागण्यांवर बोलण्यासाठी आपण नवरात्रापूर्वी कोल्हापुरात एक बैठक बोलवावी. खिद्रापूर, यडूर, निपाणी आणि आदमापूर येथील माणसे स्वतःच्या खर्चाने यायला तयार आहेत, आणि दुभाषाची गरज पडली तर ते काम मी विनामूल्य करीन. बैठकीची तारीख आपल्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर मराठीत आणि कन्नडात लावावी, एवढी विनंती.

आपली,
कोल्हापुरातील एक पर्यटक मार्गदर्शक